यादीचा दुसरा भाग

रविवारी सकाळी सात वाजता मिस्त्रीणबाईनं अर्ज लिहायला घेतला. "माझं नाव चर्चच्या मंडळीच्या यादीतून काढून टाकावं, ही विनंती." लिहून झाल्यावर तिनं तो दोनदा वाचला आणि 'ही विनंती' एवढं खोडून टाकलं. रागावलेल्या माणसानं विनंती करायची म्हणजे काय! मग खोडाखोड बरी दिसेना म्हणून नव्या कागदावर पुन्हा लिहिला. मिस्त्रीणबाईला राग आला तरी काम नीटनेटकं लागायचं.

तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत, कारण नवरा मिस्त्री. सुतारकामातला पक्का माणूस. घराच्या खालच्या खोलीत दोघांचं दुकान होतं. तो खुर्च्यांचे सांगाडे करायचा आणि ती त्यांना गाद्या बसवायची. आधी पट्टे ताणायचे, वर गोणपाट, त्यात काथ्या, मग कापड आणि कडेनं बारीक खिळे. दाभण चालवून चालवून तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. पण गिऱ्हाईक दारातून हाक मारायचं ती मिस्त्रींनाच, आणि खुर्चीवर बसून बघितलं की म्हणायचं, "मिस्त्री, काय झकास खुर्ची केलीत!" बूड टेकायचं बाईच्या कामावर आणि शाबासकी बुवाला. ती हसायची. तेव्हा हसायला येत होतं.

मिस्त्रीला जाऊन अकरा महिने झाले होते. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, पण बोलायची पद्धत, की आजारी होती ती. बारा वर्षं तिचं हृदय कुरकुर करत होतं. शेवटी मुलीच्या गावी मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, म्हणून दोघं तिकडे गेले. ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी मिस्त्री तिच्यासाठी गरम दूध आणायला खाली गेला आणि जिन्याच्या तळाशी कोसळला. जो माणूस आयुष्यात डोकेदुखीची गोळी खायला तयार नव्हता, तो दुधाचा पेला हातात धरून गेला. त्याला तिकडेच पुरलं. ती खाटेवर होती, तिला मूठभर माती टाकायलासुद्धा जाता आलं नाही.

पाच महिने मुलीकडे काढून ती परत आली, त्याला सहा महिने झाले. आणि या सहा महिन्यांत चर्चमधलं काळं कुत्रंही तिच्या दाराशी फिरकलं नव्हतं. चर्च शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागायचं, हे खरं. पण बस काय एकाच दिशेनं धावतात? तीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून गाणी म्हटली, ज्यांच्या गुडघ्यांना टोचू नये म्हणून प्रार्थनेच्या चाळीस गाद्या तिनं फुकट शिवून दिल्या, त्यांतलं एकही माणूस "बाई, कशी आहेस?" म्हणून आलं नव्हतं.

पत्रं मात्र यायची. तीन आली होती, चर्चच्या शिक्क्याची, आणि तिन्हींवर नाव मिस्त्रीचं. दोन तर ती परतली तेव्हाच दाराखाली पडलेली होती. तिसरं नंतर आलं. तिनं एकही फोडलं नाही. नवऱ्याच्या नावाचं टपाल बायकोनं फोडायचं नाही, ही तिच्या घरची जुनी शिस्त होती आणि नवरा गेला म्हणून शिस्त मोडायला ती काही बसली नव्हती. शिवाय तिला झोंबलं ते वेगळंच. माणूस मेलाय याचाही यांना पत्ता नाही! मेलेल्याला तीन तीन पत्रं आणि जिवंत बाईला एक ओळ नाही.

"आई, पण त्यांना कळवलं होतंस का तू?" मुलीनं फोनवर विचारलं होतं.

"मी कशाला कळवू? तुमच्या तिकडच्या चर्चच्या पाळकांनी माझ्यासमोर इकडच्या चर्चला चिठ्ठी लिहिली होती. सभासद-कार्डाचा नंबरसुद्धा माझ्याकडून घेतला."

"मग तू एकदा जाऊन तर ये."

"मी जाऊ? ज्याच्या घरी दुःख झालं त्यानंच दुसऱ्याच्या घरी सांत्वन मागायला जायचं? नवीनच ऐकते."

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. घर इतकं गप्प असू शकतं, हे तिला माहीतच नव्हतं. खाली रंधा चालत नव्हता, हातोडी वाजत नव्हती. दुकानात चार खुर्च्यांचे सांगाडे गादीविना उभे होते. ती रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची आणि वर यायची. कधी कधी दिवसभरात तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे, आणि संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना स्वतःचाच आवाज तिला घोगरा, परका वाटायचा. एकटेपणा आला की आधी माणसाचा आवाज गंजतो.

म्हणून तो अर्ज. आपण कुणाचेच नाही, तर मग कागदावर तरी कशाला राहायचं, असा तिचा रोखठोक हिशेब होता.

ती मुद्दाम उशिरा पोचली. पहिलं गाणं संपत आलं होतं. ती मागच्या दारानं शिरली आणि शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसली. डोक्यावरून पदर होता आणि ऑपरेशननंतर अंग निम्मं झालं होतं. कुणी मान वळवली असती तरी ओळखलं नसतं. पुढे पंचवीस-तीस डोकी दिसत होती. तिला वाटलं होतं त्यापेक्षा पांढरी जास्त.

ठरवलं असं होतं की उपासना संपली की चिटणिसाच्या हातावर कागद ठेवायचा आणि चालू लागायचं. मंडळीचा चिटणीस चष्म्यांचं दुकान चालवायचा. दुसऱ्यांना नजर देणारा हा माणूस स्वतः समोरचं कधी बघत नाही, असं मिस्त्री म्हणायचा.

पाळक नवे होते. तिनं त्यांना प्रथमच पाहिलं. तिशीतला माणूस, बोलताना हात फार हलवायचा. त्या दिवशी ते नेमकं चर्च म्हणजे काय तेच समजावत होते. चर्च म्हणजे या भिंती नव्हेत, कौलं नव्हेत. चर्च म्हणजे एक शरीर, ख्रिस्ताचं. तुम्ही-आम्ही त्याचे अवयव. एका अवयवाला दुखलं की साऱ्या शरीराला दुखतं.

"अवयव म्हणे," मिस्त्रीणबाई खांबाच्या आड पुटपुटली. "बोट तुटून पडलं तरी अकरा महिने पत्ता नाही, असलं कसलं मेलं शरीर!"

तिच्या पुढच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी मान थोडी वळवली. पण त्यांना कमी ऐकू यायचं, त्यांनी पुन्हा पुढे पाहिलं.

मग यादीची वेळ आली. या मंडळीत एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी चिटणीस उभा राहून आठवणीची यादी वाचायचा. यादीचे दोन भाग. पहिल्यात जे आजारी, दूरगावी किंवा दुःखात आहेत, ते. त्यांच्यासाठी प्रार्थना. दुसऱ्यात जे या वर्षी देवाघरी गेले, ते. त्यांच्यासाठी प्रार्थना नाही, कारण त्यांना आता कशाची ददात नाही. त्यांच्याबद्दल नुसते आभार, आणि घरच्यांनी सांगितलेलं एक वाक्य. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणायचे, "आमच्यातले." दोन्ही भागांना शब्द तोच. ही रीत घालणाऱ्या जुन्या पाळकांचं म्हणणं असं, की चर्च दुमजली आहे. काही वर राहतात, काही खाली, पण घर एकच.

चिटणीस वाचू लागला. दम्याची एक बाई. "आमच्यातली." पाय मोडलेला ड्रायव्हर. "आमच्यातला." मग चिटणिसानं चष्मा वर सरकवला.

"आपले मिस्त्री. मुलीच्या गावी आहेत. पत्नीच्या जाण्याचं दुःख त्यांना झेपेल असं होऊ दे. त्यांचा हात धर."

"आमच्यातले," सगळे म्हणाले.

मिस्त्रीणबाईला आधी कळलंच नाही. नाव ओळखीचं होतं, आवाज ओळखीचा होता, पण वाक्य डोक्यात शिरेना. ती नीट सरसावून बसेपर्यंत चिटणिसानं पान उलटलं आणि दुसरा भाग सुरू केला. त्यात पहिलंच नाव तिचं.

"मिस्त्रीणबाई. घरून अजून वाक्य आलेलं नाही, म्हणून मंडळीनंच घातलं आहे. आपण देवापुढे गुडघे टेकतो, तेव्हा खाली तिचे टाके असतात."

"आमच्यातली."

हसू येतंय की रडू, तिला समजेना. आपण मेलोय! रीतसर, आभारासकट! आणि अकरा महिने, म्हणजे अठ्ठेचाळीसेक रविवार, ही शहाणी माणसं तिला देवाघरी पाठवून त्याच्यासाठी धीर मागत होती. हसू ओसरलं आणि त्यामागून एक विचार आला. तो आल्यावर मात्र तिनं समोरच्या बाकाची कड घट्ट धरली.

इथे तो जिवंत होता.

जगात कुठेच नव्हता. घरात नव्हता, दुकानात नव्हता, मुलीच्या फोनवरही आताशा 'बाबा असते तर' असंच यायचं. पण या चार भिंतींत दर रविवारी सकाळी तो होता. मुलीच्या गावी होता, दुःखात होता, पण होता. त्याचा हात कुणीतरी धरावा म्हणून तीस माणसं डोळे मिटत होती. ती उठून बोलली की संपलं. चिटणीस पान उलटेल आणि त्याचं नाव पलीकडे जाईल. आणि बोलली नाही तर? अर्ज द्यायचीही गरज नव्हती. तिचं नाव कटलेलंच होतं. गुपचूप निघून जायचं. ती मेलेली, तो जिवंत. तिला हा सौदा मनापासून पसंत पडला. खरं तर दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हापासून तिची देवाकडे तक्रार हीच होती, की माणूस उचलताना तू खाट चुकलास.

ती उठली. पाय न वाजवता दारापर्यंत गेली. कडीला हात घातला.

"एक सांगायचं होतं," मागे एका बाईचा आवाज आला. तो आवाज निवृत्त नर्सबाईचा. एक पाय ओढत चालणारी ही नर्सबाई मंडळीतली सगळ्यांत म्हातारी. "मिस्त्रींना आपण तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मी आणि चिटणीस दोनदा जाऊन आलो, घराला कुलूप होतं. असं नुसतं इथे बसून 'त्यांचा हात धर' म्हणायचं, तर देवाला हात आपलेच वापरावे लागणार ना? मंगळवारी आम्ही दोघं त्यांच्या मुलीच्या गावी जातोय. सकाळची बस आहे, सहा तास लागतात. चिटणीस दुकान बंद ठेवणार आहेत."

"नर्सबाई, तुमचा पाय—" पाळक म्हणाले.

"पायाचं मी बघते. एकटा पडलेला माणूस जेवतही नसेल हो. बायकोच्या हातचं खायची सवय त्याला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. मिस्त्रीणबाईच्या डोळ्यांसमोर ती बस उभी राहिली. सहा तास खडखडणाऱ्या बसमध्ये पाय लांब करून बसलेली म्हातारी. संध्याकाळी मुलगी दार उघडेल. "मिस्त्री आहेत का?" आणि मुलगी, जी आत्ता कुठे रात्रीची झोपायला लागली होती, तिच्या तोंडून त्यांना ऐकावं लागेल. नाही. हे होऊ देता येत नव्हतं. त्याला जिवंत ठेवायचं तर ठेवावं, पण त्याच्या पोरीच्या जिवावर नाही.

तिनं कडी सोडली.

"जाऊ नका," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. तिनं खाकरून पुन्हा म्हटलं, "जाऊ नका हो मंगळवारी. मिस्त्री नाहीत तिथे."

सगळे वळले. तिनं डोक्यावरचा पदर मागे घेतला. पेटीवर बसलेल्या बाईचा हात सुरांवर आपटला आणि पेटीनं भलताच सूर काढला. कमी ऐकू येणारे म्हातारबुवा मोठ्यानं म्हणाले, "ही तर ती गादीवाली! मेली होती ना?"

"मी नाही मेले," मिस्त्रीणबाई म्हणाली. "हे गेले. अकरा महिने झाले. मी... मीच राहिलेय."

हे वाक्य तिनं तोपर्यंत कुणापुढेही उच्चारलं नव्हतं. मुलीला सांगायची वेळ आली नव्हती, ती तिथेच होती. दूधवाल्याला ती म्हणाली होती, आता अर्धाच लिटर.

चिटणीस पांढराफटक पडला. "पण... मिस्त्रीणबाई, तिकडच्या पाळकांची चिठ्ठी आली. कार्ड क्रमांक एकोणचाळीसपैकी एक सभासद देवाघरी, जोडीदाराला सांभाळा. एका घराला एकच कार्ड, नावं त्यांनी लिहिली नव्हती. आणि ऑपरेशन तुमचं होतं. बारा वर्षं मी या यादीत तुमचं हृदय वाचत आलोय. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"विचारायचं तरी होतं! मेलं कोण, एवढं विचारायला काय तिकीट लागतं?"

"पत्रात तेच विचारलं होतं. कसं झालं, तुम्ही कसे आहात, येऊ का म्हणून. पत्रं मिळाली नाहीत?"

"मिळाली," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "त्यांची पत्रं मी फोडत नाही."

चूक फक्त एका बाजूची नव्हती, हे त्या क्षणी तिला कळलं आणि त्यानं तिचा राग कमी झाला असं नाही, उलट त्याला टेकायला जागाच उरली नाही. ती दाराशी उभी, हे सगळे तिकडे उभे, आणि मधे बाकांच्या आठ रांगा. अशा वेळी काय करायचं, याची रीत कुणी घालून ठेवली नव्हती.

शेवटी नर्सबाई पाय ओढत निघाली. आठ रांगा ओलांडायला तिला बराच वेळ लागला. ती आली आणि मिस्त्रीणबाईचं मनगट धरून, सवयीनं असेल, आधी नाडीच बघितली. "चांगली चालतेय," ती म्हणाली. "चल, पुढे बस." आणि तिला हाताला धरून पहिल्या बाकावर घेऊन गेली.

चिटणीस समोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पेन होतं. त्यानं पहिल्या भागातल्या एका नावावर रेघ मारली, दुसऱ्या भागातल्या एका नावावर मारली, आणि मग त्याचा हात थांबला.

"घरून एक वाक्य लागतं," तो अवघडून म्हणाला. "मिस्त्रींबद्दल. आत्ताच नको असेल तर राहू दे."

काय सांगायचं? की तो चांगला सुतार होता? ते सगळ्यांना माहीत होतं. सगळे बसले होते ते बाक त्याचेच. की त्याला देवाची भीती होती? ती कुणालाही असते. मिस्त्रीणबाईनं आयुष्यभर त्याच्याविषयी लोकांकडून ऐकलं होतं, लोकांना काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आणि आता विचारलं, तर तिच्या तोंडी एकच गोष्ट आली. ती इतकी लहान होती की तिला लाजच वाटली.

"आमचं घर वरच्या मजल्यावर," ती म्हणाली. "जिना चढताना ते मधेच थांबायचे. बुटाची नाडी बांधायला. रोज. मला दम लागायचा ना, म्हणून. थांब म्हणायचे नाहीत, दमलीस का म्हणायचे नाहीत. नाडी बांधत बसायचे, आणि माझा श्वास जागेवर आला की उठायचे."

चिटणीस लिहीत होता. "रोज सुटायची नाडी?"

"त्यांच्या बुटांना नाडीच नव्हती हो," मिस्त्रीणबाई म्हणाली. "सरकवायचे बूट होते ते. बारा वर्षं. आणि मी एकदासुद्धा त्यांना म्हटलं नाही, की मला कळतंय."

आणि ती रडली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, पदर तोंडात कोंबून आणि मग तोही सोडून. नर्सबाईनं तिची पाठ धरून ठेवली होती. बाईचं हृदय दुरुस्त झालं होतं, पण धाप जुनीच. एक हुंदका संपायच्या आत दुसरा यायचा आणि मधे श्वासाला जागा मिळायची नाही.

टेबलावर भाकर आणि प्याला तसेच झाकलेले होते. उपासना बरीच लांबली होती, बाहेर कुणाकुणाची माणसं न्यायला येऊन थांबली होती. चिटणीस खाली मान घालून चष्म्याची काच पुसत होता. पेटीवाली बाई गाण्यांच्या पुस्तकात कुठलंसं पान शोधत होती, आणि सापडलं तरी पुढे शोधत होती. नवे पाळक टेबलाशी गेले आणि त्यावरचं पांढरं कापड सरळ करू लागले. कापडाला एकही सुरकुती नव्हती. तरी तिचा श्वास जागेवर येईपर्यंत ते दोन्ही हातांनी, तिच्याकडे न बघता, कापड सरळ करत राहिले.